घोडबंदरची मेट्रो, ठाण्याचे रेल्वे-वर्तुळ आणि पुढे सरकणाऱ्या तारखा

घोडबंदरचा प्रवासी (धागाकर्ता)
११ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.०५

२०१७ साली आम्ही घोडबंदर रस्त्यावर घर घेतले, तेव्हा माहितीपत्रकावर ‘प्रस्तावित मेट्रो स्थानकापासून पाच मिनिटांवर’ असे ठळक अक्षरांत छापले होते. त्या वर्षी मुलगी पहिलीत गेली, आता ती नववीत आहे. अंतराबाबत माहितीपत्रक खोटे बोलले नाही. स्थानक खरोखरच पाच मिनिटांवर उभे राहिले आहे, त्याला छप्पर आहे, जिना आहे, फक्त अजून गाडी नाही.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. वडाळा-घाटकोपर-मुलुंड-ठाणे-कासारवडवली या मेट्रो ४ मार्गिकेचे भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. मार्गिकेची लांबी ३२.३२ किलोमीटर आणि तेव्हाचा अंदाजित खर्च १४ हजार ५४९ कोटी रुपये होता. पुढे कासारवडवली ते गायमुख हा २.७ किलोमीटरचा ४अ हा तुकडा तिला जोडण्यात आला. सुरुवातीला २०२२ हे साल ऐकू येत होते. त्यानंतर दरवर्षी एक नवे साल कानावर पडत गेले आणि त्याची इतकी सवय झाली की, आमच्या इमारतीत कोणी ‘नक्की’ म्हणाले की बाकीचे ‘मेट्रोसारखे नक्की ना?’ असे विचारतात.

यंदा घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, गायमुखकडच्या भागात पहिली चाचणी झाली. गायमुख ते कॅडबरी जंक्शन हा साडेदहा किलोमीटरचा, दहा स्थानकांचा पहिला टप्पा आहे आणि त्यातला काही भाग डिसेंबरअखेर सुरू होईल अशी चर्चा आहे. मला आनंद झाला नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. गच्चीवर निम्मी सोसायटी जमली होती आणि आमच्या मातोश्रींनी गाडी दिसताच, मारुतीरायाला करतात तसा, हात जोडून नमस्कार केला.

हा धागा काढण्याचे कारण मात्र दुसरे आहे. ठाण्यात आता आणखी एक रेल्वे येऊ घातली आहे. २९ किलोमीटरची, २२ स्थानकांची अंतर्गत वर्तुळाकार मेट्रो केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी १२ हजार २०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजूर केली आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिची पायाभरणीही झाली. पूर्ततेचे साल २०२९ सांगितले आहे. ठाणेकरांना आठवत असेल की हीच रेल्वे आधी सुमारे १३ हजार कोटींची मेट्रो होती, मग ती सुमारे ७ हजार कोटींची ‘लाइट रेल’ (छोट्या, हलक्या गाड्यांची रेल्वे) झाली, आणि पुन्हा मेट्रो झाली. मेट्रो ४ मध्ये उशीर बांधकामात झाला. इथे तो कागदावरच होऊन गेला. यावर जाणकारांनी लिहावे. राजकीय पक्षांची उणीदुणी कृपया इथे नकोत. त्यासाठी वेगळे धागे आहेत.

---

सातसदतीसची लोकल
११ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४८

प्रत्येक वाक्याला +१.

मी कासारवडवलीहून ठाणे स्थानकात ७.३७ची लोकल गाठते. लोकल आपल्या वेळेवर येते, मीच येत नाही. शाळांना सुट्टी असेल तर पस्तीस मिनिटे लागतात. गायमुख घाटात एखादा कंटेनर बंद पडला की दीड तास धरावा. म्हणून मी रोज दीड तास आधी निघते आणि बहुतेक दिवशी फलाटावर चाळीस मिनिटे नुसती उभी राहते. मेट्रो आली तर माझ्या प्रवासाची किती मिनिटे वाचतील हे मला सांगता येणार नाही, पण ती चाळीस मिनिटांची झोप मला परत मिळेल, एवढे निश्चित आहे.

---

लोखंडी गजरा
१२ ऑक्टोबर २०२५, सकाळी ७.२०

मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. हयात उड्डाणपुलांच्या कामात गेली आणि शेवटची काही वर्षे दुसऱ्या एका शहरातील मेट्रोच्या कामावर होतो. ठाण्याच्या कामाशी माझा संबंध नाही, त्यामुळे पुढचे लिखाण कोणाचीही बाजू घेण्यासाठी नाही.

लोकांना खांब दिसतात. खांब उभे राहिले, त्यांवर गर्डर चढले की काम झाले असे वाटू लागते आणि मग ‘आता अडले कुठे?’ हा प्रश्न येतो. प्रत्यक्षात जे दिसते ते काम निम्मे असते. त्याच्याही आधी एक न दिसणारा भाग असतो, तो म्हणजे जमिनीखालचा. रस्त्यावर पत्रे लागतात आणि महिनोन्महिने आत काहीच हलत नाही असे आपल्याला दिसते, तेव्हा आत बहुधा चाचणी-खड्डे घेतलेले असतात. नकाशावर जलवाहिनी दोन मीटर डावीकडे दाखवलेली असते आणि खणल्यावर ती नेमकी पाइलच्या, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल उतरवायच्या खांबाच्या, जागी निघते. वीज, गॅस, दूरध्वनी, मलनिस्सारण या प्रत्येकाचा मालक वेगळा, परवानगी वेगळी आणि पाणी बंद ठेवण्याचा दिवसही वेगळा. घोडबंदरसारख्या रस्त्यावर गर्डर चढवायचा तो रात्रीच. त्यासाठी वाहतूक वळवावी लागते, आणि न्हावा-शेवा बंदराकडून गुजरातकडे जाणारी अवजड वाहने वळवायची तरी कुठे हा प्रश्न दर रात्री नव्याने उभा राहतो.

त्यानंतर रूळ, २५ हजार व्होल्टची विद्युत तार, सिग्नल, दूरसंचार, सरकते जिने, लिफ्ट, तिकीट यंत्रणा आणि अग्निशमन. हे सर्व झाले की लखनौच्या संशोधन आरेखन व मानक संघटनेच्या, म्हणजे आरडीएसओच्या, चाचण्या होतात. गाडी रिकामी धावते, वाळूच्या गोण्या भरून धावते, जोरात धावते, जोरात थांबते. शेवटी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात आणि त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय एकही प्रवासी चढू शकत नाही. (जाता जाता: रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. गाडी चालवणाऱ्यानेच ती सुरक्षित असल्याचा दाखला देऊ नये, हा त्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.)

आणि कारशेड. कारशेडविना मेट्रो म्हणजे गोठ्याविना गाय. मेट्रो ४चे कारशेड मोघरपाड्याला व्हायचे आहे आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या मोबदल्याचा प्रश्न वर्षानुवर्षे चालला. शेतकऱ्यांनी अडवले असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ज्याची पिढीजात जमीन जाणार त्याने ‘आधी मोबदला, मग मोजणी’ म्हणावे यात मला काही गैर दिसत नाही. गैर हे की, कारशेडच्या जागेचा निकाल लागण्यापूर्वीच मार्गिकेची तारीख जाहीर होते.

माझा मुद्दा एवढाच की उशिराला कारणे असतात, पण ती भूमिपूजनाच्या दिवशीही ठाऊक असतात. मी स्वतः अशा बैठकांना बसलो आहे. तारीख अभियंता ठरवत नाही. त्याला ती सांगितली जाते आणि तो मान डोलावतो. मीही डोलावली आहे.

---

खारघरवासी
१२ ऑक्टोबर २०२५, दुपारी १.१५

‘लोखंडी गजरा’ यांचा शेवटचा परिच्छेद वाचून नवी मुंबईकर म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. बेलापूर-पेंधर ही आमची मार्गिका अवघी ११.१ किलोमीटरची, ११ स्थानकांची आहे. तिचे भूमिपूजन मे २०११ मध्ये झाले आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. किलोमीटरला एका वर्षाहून अधिक काळ लागला, असा हिशोब आमच्याकडे विनोदाने सांगत असत. ठाणेकरांची डोकेदुखी घाट आणि अवजड वाहने ही असेल. आमच्याकडे तर सिडकोने आखलेले रुंद रस्ते होते आणि मार्गाच्या बऱ्याच भागात त्या काळी मोकळी जमीन होती. तरीही साडेबारा वर्षे लागली.

सर्वांत जिव्हारी लागले ते शेवटचे महिने. बेलापूरपर्यंतच्या संपूर्ण मार्गाला सुरक्षा प्रमाणपत्र मिळाले, गाड्या रिकाम्या धावताना दिसत होत्या, स्थानकांचे दिवे रात्री लागत होते आणि दरवाजे बंद होते. उद्घाटन सोहळ्यासाठी वेळ मिळत नाही, असे सगळीकडे बोलले जात होते. अखेर १७ नोव्हेंबरला, एका शुक्रवारी, कोणताही सोहळा न होता दुपारी सेवा सुरू झाली. मी कार्यालयातून लवकर निघून सेंट्रल पार्कला चढलो. डब्यात हार नव्हते, भाषण नव्हते. एक आजोबा नातवाला खिडकीतून आपली इमारत दाखवत होते आणि निम्मा डबा त्या इमारतीकडे पाहत होता. इतके नीटस उद्घाटन मी दुसरे पाहिले नाही.

ठाणेकरांना एक सूचना. गाडी सुरू झाली म्हणजे सगळे मिळाले असे समजू नका. आमच्याकडे सुरुवातीला पंधरा-पंधरा मिनिटांनी गाडी होती आणि कमाल भाडे ४० रुपये होते. वाट पाहायची आणि वर रिक्षाएवढे मोजायचे, म्हणून अनेकांनी चार दिवस कौतुकाने प्रवास केला आणि ते पुन्हा रिक्षाकडे वळले. सप्टेंबर २०२४ मध्ये कमाल भाडे ३० रुपये झाले, त्यानंतर माझ्या डब्यात रोजचे चेहरे दिसू लागले. तुम्ही तारखेबरोबर फेऱ्या आणि भाडे हे दोन प्रश्न आतापासूनच विचारत राहा.

---

उपवनची पायवाट
१२ ऑक्टोबर २०२५, सायंकाळी ६.३०

धागाकर्त्यांनी वर्तुळाकार रेल्वेचा विषय काढला, त्यावर थोडे वेगळे मत मांडतो. लाइट रेलचा पर्याय सोडायला नको होता, असे मला आजही वाटते.

केंद्राने जुलै २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’साठी, म्हणजे अशाच हलक्या रेल्वेसाठी, मार्गदर्शक निकष काढले. तीन डब्यांची, सुमारे ३०० प्रवाशांची गाडी, साधी छोटी स्थानके आणि मेट्रोच्या साधारण ४० टक्के खर्च, अशी ती कल्पना होती. ठाण्याचा अंतर्गत प्रवास कसा आहे पाहा. वागळे इस्टेटचा कामगार लोकमान्यनगरला राहतो, कोलशेतची मुलगी नौपाड्यात शिकवणीला येते, कोणाला बाळकुमहून राबोडीला जायचे असते. हे चार-पाच किलोमीटरचे प्रवास आहेत. त्यांना दर तीन-चार मिनिटांनी येणारी छोटी गाडी हवी, तीन मजले वर चढून गाठायची मोठी गाडी नव्हे. मोठ्या मेट्रोसाठी अवाढव्य स्थानके बांधायची आणि दुपारी ती रिकामी पळवायची, यापेक्षा हलकी रेल्वे लवकर झाली असती आणि ठाण्याच्या अंगाला बसली असती.

---

लोखंडी गजरा
१२ ऑक्टोबर २०२५, रात्री ८.५५

‘उपवनची पायवाट’, आपला मुद्दा मनापासून पटावा असा आहे, पण तीन ठिकाणी अडतो.

पहिले, मेट्रोलाइट स्वस्त होते ती मुख्यतः जमिनीवरून धावते म्हणून. रस्त्यात कुंपण घालून दोन मार्गिका रुळांना द्यायच्या, ही तिची मूळ कल्पना आहे. पोखरण रस्त्यावरून किंवा राबोडीतून दोन मार्गिका काढून दाखवा. त्या निघत नाहीत म्हणूनच ठाण्याची लाइट रेलही बव्हंशी उन्नतच आखली होती, आणि एकदा खांबांवर चढलात की खांब, पाया, जलवाहिन्या, रात्रीचे गर्डर हे सगळे तेच राहते.

दुसरे, प्रवासीसंख्या. मंजूर प्रकल्पात २०२९ साली दररोज ६.४७ लाख आणि २०४५ साली ८.७२ लाख प्रवासी गृहीत धरले आहेत. हे आकडे फुगलेले असू शकतात, मेट्रोचे अंदाज बहुधा तसेच असतात. पण अर्धे धरले तरी सकाळच्या दोन तासांत, ठाणे स्थानकाच्या दिशेने, ३०० प्रवाशांच्या गाडीत काय होईल ते ‘सातसदतीसची लोकल’ यांना विचारावे.

तिसरे, आपल्या पदरात मोनोरेलचा अनुभव आहे. चेंबूर ते वडाळा हा टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला आणि पुढचा संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा तुकडा जोडायला मार्च २०१९ उजाडले. सुटे भाग मिळेनात, गाड्या अपुऱ्या, प्रवासी कमी. यंदाच्या ऑगस्टमध्ये भर पावसात गाडी उंचावर अडकून प्रवाशांना शिडीवरून उतरवावे लागले, आणि २० सप्टेंबरपासून नूतनीकरणासाठी सेवाच थांबवली आहे. देशात दुसरीकडे कुठेही नसलेली गाडी एकाच शहराने आणली, तर तिचा एक बोल्टसुद्धा घाऊक भावात मिळत नाही. हलकी रेल्वे चांगली नाही असे नव्हे. पण एकुलती एक हलकी रेल्वे महाग पडते.

---

उपवनची पायवाट
१२ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.४०

सुट्या भागांचा मुद्दा मान्य. जमिनीवर जागा नाही हे मात्र अर्धेच मान्य, कारण जागा आहे, ती उभ्या केलेल्या वाहनांनी व्यापली आहे. पण मला खरा राग निर्णयाचा नसून निर्णय फिरवण्याचा आहे. मेट्रोचा आराखडा, मग लाइट रेलचा आराखडा, मग पुन्हा मेट्रोचा. प्रत्येक वेळी नवे सर्वेक्षण, नवी मंजुरी, नवे सादरीकरण. यांपैकी पहिलाच धरून बसलो असतो, तर आज निदान खड्डे तरी पडलेले असते.

---

मासुंदा
१३ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११.०२

एक ऐतिहासिक टोमणा मारण्याचा मोह आवरत नाही. बोरीबंदर-ठाणे रेल्वेचे काम ३१ ऑक्टोबर १८५० रोजी सुरू झाले आणि १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी ठाण्यात आली. ३४ किलोमीटर, अडीच वर्षे, तेही फावड्याने.

---

लोखंडी गजरा
१३ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११.३०

त्या फावड्याखाली जलवाहिनी नव्हती, आणि जमीन ज्याची गेली त्याचे म्हणणे ऐकणारे न्यायालयही नव्हते. बाकी टोमणा उत्तम आहे.

---

सातसदतीसची लोकल
१३ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.१५

कालपासून सर्व प्रतिसाद वाचते आहे. मोठे प्रश्न जाणकारांनी हाताळले आहेत. मला एका छोट्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे. स्थानकातून खाली उतरल्यावर आपण नेमके कुठे उतरणार आहोत?

घोडबंदर रस्त्याचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्याचे काम तुम्ही सर्वजण पाहत आहात. पूर्वी सेवा रस्त्यावर रिक्षा थांबत असे, शाळेची बस थांबत असे, भाजीवाला उभा राहत असे, म्हातारी माणसे कडेने चालत असत. तोच रस्ता आता वेगवान वाहनांचा झाला आहे. रविवारी मी मुद्दाम जिन्याच्या जागेपासून माझ्या इमारतीच्या फाटकापर्यंत चालत गेले. मला ६१० पावले लागली. त्यांपैकी पदपथ म्हणावा असा भाग जेमतेम दोनशे पावलांचा आहे. उरलेल्या वाटेवर गटाराची झाकणे, पत्रे, विजेची पेटी आणि कोणीतरी ठेवलेली पाण्याची टाकी आहे. एके ठिकाणी मुख्य रस्त्यावरच उतरावे लागले आणि मागून आलेल्या टँकरने असा हॉर्न वाजवला की हातातली पिशवी सुटली.

गाडीसाठी आठ-नऊ वर्षे थांबलो, मग हे शेवटचे ६१० पावलांचे काम कोणाच्या आराखड्यात आहे? मेट्रो बांधणारे म्हणतील रस्ता आमचा नाही, रस्ता बांधणारे म्हणतील जिना आमचा नाही.

---

खारघरवासी
१४ ऑक्टोबर २०२५, सकाळी ८.१०

ताई, हा प्रश्न छोटा नाही. आमच्याकडे पदपथ रुंद आहेत, तरी पहिल्या महिन्यात जिन्याखाली रिक्षांचा असा वेढा पडत असे की उतरलेल्या माणसाला बाहेर पडायला वाट नसे. रिक्षांच्या शिस्तीत रांगा लागल्या त्या पुढे, आणि त्याही रहिवाशांनी आधी लेखी मागणी केली तिथेच लवकर लागल्या. आपण मोजलेली पावले, टाकी आणि विजेची पेटी, हे सर्व छायाचित्रांसह प्रभाग कार्यालयात देऊन पोच घ्या. गाडी सुरू झाल्यावर गर्दीत ते कोणी ऐकणार नाही.

---

घोडबंदरचा प्रवासी (धागाकर्ता)
१४ ऑक्टोबर २०२५, रात्री ११.२०

सर्वांचे आभार. चर्चा इतकी मुद्द्याला धरून होईल असे वाटले नव्हते.

‘लोखंडी गजरा’ यांचा प्रतिसाद मी आमच्या सोसायटीच्या फलकावर लावला आहे. त्यावरून एक गोष्ट सुचली. आपण दरवेळी ‘गाडी कधी?’ एवढेच विचारतो आणि उत्तरादाखल एक महिना सांगितला जातो, जो पुढे सरकतो. त्याऐवजी माहितीच्या अधिकारात टप्पे विचारावेत, असे आम्ही चौघांनी ठरवले आहे: कोणत्या स्थानकात लिफ्ट बसली, विद्युत तार कुठपर्यंत ओढली, कारशेडचे काम किती झाले, सुरक्षा आयुक्तांकडे अर्ज गेला की नाही, आणि ताईंच्या पावलांचा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे. हेच प्रश्न वर्तुळाकार मार्गासाठी ‘उपवनची पायवाट’ यांनी तयार करावेत अशी विनंती आहे. अर्जाचा मसुदा रविवारी इथेच टाकतो, चुका काढाव्यात.

मातोश्रींनी गेल्या आठवड्यात विचारले होते की, वर जायला जिनाच आहे की काही सोय आहे. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आहे. आज कामावरून येताना मुद्दाम थांबून पाहिले. लिफ्टची चौकट आमच्याच बाजूला आहे. तिच्या तोंडावर अजून प्लायवूड ठोकलेले आहे आणि त्यावर कोणीतरी खडूने ‘५’ लिहिले आहे. आत दिवा चालू होता आणि दोन कामगार वरून साखळीने काहीतरी खाली सोडत होते. घरी येऊन मातोश्रींना तेवढे सांगितले, तर त्यांनी विचारले, ‘पाच म्हणजे पाच महिने का रे?’

---

लोखंडी गजरा
१४ ऑक्टोबर २०२५, रात्री ११.४१

पाचवी लिफ्ट. त्यांना सांगा, क्रमांक आहे, तारीख नाही.